मल्टि-टूल घ्यावं का? सडलेली चौकट, लादीला घासणारं दार आणि जुना ऑइलपेंट

पारिजात_ठाणे

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सवडीने वाचा.

आमचा फ्लॅट ठाण्यात, बिल्डिंग १९८८ची. मागच्या वर्षी तोडफोड नको म्हणून जुन्या लाद्यांवरच नव्या लाद्या बसवून घेतल्या. त्यामुळे जमीन जवळपास अर्धा इंच वर आली आणि बेडरूमचं दार घासायला लागलं. तेव्हा एकाने खालून रंधा मारून दिला होता, उन्हाळाभर छान चाललं, आता पाऊस लागल्यापासून परत अर्ध्यात अडकतंय आणि लादीवर ओरखडा पडलाय.

दुसरं म्हणजे बाथरूमची चौकट. सागवानी आहे, वरून ठणठणीत, पण खालचा पाच-सहा इंच भाग दोन्ही बाजूंनी सडलाय, बोट दाबलं की भिजलेल्या बिस्किटासारखं आत जातं. दोन सुतारांना दाखवली, दोघांनी एकच सांगितलं की पूर्ण चौकट काढा. म्हणजे भोवतीच्या टाइल्स फुटणार, वॉटरप्रूफिंगला धक्का लागणार, ते सगळं परत करून घ्यायचं. वरची सहा फूट चौकट शाबूत असताना ती फेकायला मन होत नाही. सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हा समोर उभं राहून बसवून घेतलेली आहे ती.

तिसरं, खिडक्या. लाकडी आहेत, ऑइलपेंटचे थरावर थर, वर पांढरा, खरवडला की खाली हिरवा, त्याच्याखाली पिवळा. सपाट भागावर पॉलिश पेपर चालतो पण काचेच्या पट्टीजवळच्या कोपऱ्यात बोटच जात नाही.

व्हिडिओत ते ऑसिलेटिंग मल्टि-टूल बघितलं, एकच मशीन, ब्लेड लावलं की कापतं आणि तिकोनी पॅड लावला की घासतं. ड्रिल मी नेहमी वापरते, भिंतीला कपाटं वगैरे मीच लावलीत, त्यामुळे मशीनची भीती नाही. पण ही तिन्ही कामं त्याने खरंच होतील का, की पैसे वाया जातील? आणि कोणतं ब्लेड कशाला? घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

सूत_आणि_गुण्या

ताई, वडील सुतारकाम करायचे सांगलीत, मी नोकरी सांभाळून रविवारी तेच करतो, त्यामुळे अनुभवाने सांगतो. तुमच्या तीन कामांत चौकटीचं काम म्हणजे या मशीनचं हक्काचं काम आहे. दाराला ते वापरू नका. खिडक्यांचं मात्र रंगकाम करणारं कोणी सांगेल तर बरं.

आधी मशीन काय करतं ते बघा म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ब्लेड गोल फिरत नाही, नुसतं डावी-उजवीकडे थरथरतं, साधारण तीन अंशात, आणि मिनिटाला दहा ते वीस हजार वेळा. म्हणजे ब्लेडच्या टोकाला हालचाल किती, तर तीन-चार एमएम, आपल्या भाषेत एक सूत. आता विचार करा, करवत ओढली की प्रत्येक दात भुसा घेऊन बाहेर येतो, इथे दात एका सुताच्या पुढे जातच नाही, मग भुसा कुठे जाणार? तो तिथेच अडकतो, दात त्याच्यावरच घासत राहतात, ब्लेड तापतं, निळं पडतं आणि मेलं. नवीन माणूस काय करतो, कापत नाही म्हणून अजून दाबतो. तिथेच सगळं बिघडतं. ब्लेड टेकवायचं, हलक्या हाताने आत जाऊ द्यायचं आणि हात सतत बाजूला थोडा थोडा सरकवत ठेवायचा, मधेमधे बाहेर काढून भुसा पडू द्यायचा. धूर दिसला की थांबायचं. एवढं जमलं की एक ब्लेड चार कामं करतं.

आता चौकट. ती खालूनच का सडली ते माहितीय का? जुन्या बांधकामात चौकटीचे पाय इंच-दीड इंच जमिनीत गाडायचे, मग लादी बसायची. लाकूड आडव्या बाजूने पाणी फारसं पीत नाही पण बुडख्याकडून पितं, नळ्यांच्या जुडग्यासारखं. तुमच्या बाथरूममध्ये तो बुडखा पस्तीस वर्षं ओल्या मालात उभा आहे. म्हणून नुसती वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर वर्षभरात परत तेच होणार.

करायचं असं. पटाशीच्या (लाकडाच्या छिन्नीच्या) टोकाने टोचत टोचत वर जा, टणक लाकूड लागलं की तिथून अजून दोन इंच वर खूण करा. कापायची रेघ आडवी सरळ नको, तिरकी हवी. बाथरूमच्या बाजूला सांधा खाली आणि बाहेरच्या बाजूला वर, म्हणजे पाणी ओघळलं तर सांध्यात शिरायला त्याला वर चढावं लागेल. दार बिजागरीवरून काढून ठेवा. मग बायमेटल म्हणजे दोन धातूंचं ब्लेड लावा, बत्तीस एमएम रुंदीचं. साधं लाकडाचं स्वस्त ब्लेड नको, कारण चौकटीत खिळा असू शकतो आणि भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, म्हणजे होल्डफास्टही कुठेतरी असतो, खिळा लागला की साध्या ब्लेडचे दात एका सेकंदात साफ.

चौकट अडीच इंच जाडीची असेल तर ब्लेड एका दमात मागपर्यंत पोचणार नाही. पहिला काप दीड इंच खोल घ्या, खालचं सडलेलं लाकूड पटाशीने काढून टाका, तसंही ते हाताने निघेल, मग मशीनचं डोकं आत जायला जागा होते आणि उरलेला काप घेता येतो. टाइलच्या अगदी कडेला हातकरवत चालवायला जागाच नसते, ती खरवडते. हे ब्लेड टाइलला लागून चालतं. पूर्ण चौकट काढायला सांगतात त्याचं एक कारण हेच की तेवढ्या जागेत शिरणारं हत्यार पूर्वी नव्हतं.

जमिनीत राहिलेला बुडखा खोदून काढा, खड्डा वॉटरप्रूफ मालाने भरा आणि खालचे चार इंच लाकूड लावूच नका, ग्रॅनाइटचा तुकडा बसवा चौकटीच्या मापाचा. त्याच्यावर जुन्या सागाचा तुकडा, जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतो. त्याच्या दोन्ही टोकांना बसवायच्या आधी प्रायमरचे दोन हात, सांध्याला मरीन ग्लू (पाण्यात टिकणारा डिंक) किंवा इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक), आणि स्टेनलेसचे दोन स्क्रू तिरके. फट राहिली तर घाबरू नका, इपॉक्सीत सागाचाच बारीक भुसा कालवून भरा.

नेकारकाठ

वा, सूतभाऊंनी चौकट चांगली समजावली. मी जर्मनीत स्टुटगार्टला असतो, हे मशीन इथलंच म्हणायचं, फाइन कंपनी आहे, तिचा कारखाना इथून तासाभरावर श्वेबिश ग्म्युंडजवळ. १८९५ साली जगातलं पहिलं विजेवर चालणारं हातड्रिल यांनीच काढलं. हे थरथरणारं मशीन मात्र आलं दवाखान्यातून. हात मोडल्यावरचं प्लास्टर कापायला करवत हवी होती जी टणक प्लास्टर कापेल पण कातडीला इजा करणार नाही. अमेरिकेत होमर स्ट्रायकर नावाच्या हाडांच्या डॉक्टरने १९४०च्या दशकात तशी केली, मग फाइननेही १९६७ साली आपली प्लास्टरची करवत आणली, आणि पुढे तीच कल्पना गाड्यांच्या आणि घरांच्या दुरुस्तीत आली. २००८च्या सुमारास पेटंट संपल्यावर बाकी सगळ्या कंपन्यांनी काढलं, म्हणून आता ते तुमच्या-आमच्या खिशाला परवडतं.

हे एवढ्यासाठी सांगतोय की "हे कातडी कापत नाही" असं बरेच लोक बिनधास्त सांगतात. प्लास्टरच्या करवतीखाली कातडी ब्लेडबरोबर हलते म्हणून वाचते. लाकडाच्या ब्लेडचे दात धारदार आणि मोठे, ते बोट कापतातच. माझ्या अंगठ्याला तीन टाके पडलेत, तुकडा हातात धरून कापत होतो. तुकडा क्लॅम्पमध्येच धरा.

माझा एक उपयोगी पडलेला प्रकार. घरात लॅमिनेटची जमीन टाकताना चौकटीभोवती पाटी कोरत बसण्यापेक्षा चौकटच खालून तेवढी कापायची आणि पाटी खाली सरकवायची. माप घ्यायचं नाही, पट्टी लावायची नाही. जमिनीवर नवीन पाटीचा एक तुकडा ठेवायचा, खाली त्याचा फोम, आणि ब्लेड त्या तुकड्यावर आडवं टेकवून कापायचं. उंची आपोआप बरोब्बर येते. तुमच्याकडे परत कधी लादी बसवली तर गवंड्याला लादी चौकटीभोवती गोल कोरायला लावू नका, हेच करा.

आणि ब्लेड घेताना मशीनचं तोंड बघा. २०१६पासून बॉश आणि फाइनने स्टारलॉक आणलंय, त्याचं तोंड खोलगट ताऱ्यासारखं असतं, ब्लेड खटकन बसतं, पाना लागत नाही. पण जुनी सपाट तोंडाची स्वस्त ब्लेडं त्याला बसत नाहीत. दुकानात जाताना मशीनबरोबर आलेलं एक ब्लेड पिशवीत घेऊन जा आणि शेजारी ठेवून बघा.

पारिजात_ठाणे

दोघांचेही मनापासून आभार. तिरक्या सांध्याचं कळलं, कागदावर काढून बघितलं तेव्हा पटलं. सूतदादा, दाराला का नाही म्हणालात? व्हिडिओत तर बाई दार जागेवरच ठेवून खालून कापते.

आंबेडोंगर

मी फोंड्याहून, गोव्यात पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको. ताई, दाराला आत्ता हातच लावू नका. तुमचं दार उन्हाळ्यात नीट चालत होतं म्हणजे माप बरोबर होतं, आता लाकूड ओल पिऊन फुगलंय. आत्ताच्या मापाने कापलं तर दिवाळीनंतर लाकूड सुकेल आणि खाली बोटभर फट दिसेल, त्यातून झुरळं येतील. आमच्या जुन्या घरात वडील एक पावसाळा पूर्ण जाऊ द्यायचे, मग मार्गशीर्षात दारं उतरवायचे.

आणि मला वाटतं खरी चूक मागच्या वर्षीच झालीय. ज्याने रंधा मारला त्याने दाराच्या बुडाला परत रंग लावला होता का? बहुतेक नाही. खालची कड दिसत नाही म्हणून कोणी लावत नाही. रोज ओल्या फडक्याने लादी पुसली जाते आणि ते उघडं लाकूड रोज थोडं थोडं पाणी पितं. हात खाली घालून बघा, खरखरीत लागलं तर तेच कारण. आत्ता तात्पुरतं दार काढून, बूड दोन दिवस फॅनखाली सुकवून, प्रायमरचा एक हात मारला तरी बराच फरक पडेल.

सूत_आणि_गुण्या

आंबेडोंगर दादा शंभर टक्के बरोबर. माझं उत्तर एवढंच की बत्तीस एमएमच्या ब्लेडने तीस इंच रुंद दार कापायचं म्हणजे चोवीस-पंचवीस वेळा खुपसणं आलं, प्रत्येक वेळी पातं केसभर वरखाली, शेवटी कड नागमोडी. त्यात फ्लश डोअरला (प्लायच्या सपाट दाराला) सनमायका असेल तर त्याचे कपचे उडतात. तीन बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला दहा मिनिटं लागतात. दार दोन स्टुलांवर आडवं टाका, कापायच्या रेघेवर मास्किंग टेप, त्यावर कटरने खोल रेघ मारा म्हणजे सनमायका तिथेच तुटेल, सरळ पट्टी क्लॅम्प करा आणि सर्क्युलर सॉ नाहीतर चांगली हातकरवत. एका सुतापर्यंतच उतरवायचं असेल तर रंधाच बरा. कामाला हत्यार शोधावं ताई, हत्याराला काम शोधू नये, वडील कायम म्हणायचे.

वॉटरपेपर

मी पंधरा वर्षं रंगाची कामं घेते, बायकांची टीम आहे आमची, त्यामुळे खिडक्यांचं माझ्याकडून घ्या. आणि हे सगळ्यात आधी वाचा, मशीन मागवायच्याही आधी.

ताई, तुम्ही लिहिलंत वर पांढरा, खाली हिरवा, त्याखाली पिवळा. बिल्डिंग १९८८ची. त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये, खास करून पिवळा, केशरी, हिरवा, अशा रंगांत शिश्याची रंगद्रव्यं सर्रास असायची. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याच्या आधीचा जुना थर म्हणजे शिसं आहे असंच धरून चालायचं. आणि हे मशीन वीस हजारांवर थरथरत त्या थराचं पीठ करतं, अगदी टाल्कम पावडरीसारखं, ते पडद्यात बसतं, गादीत बसतं, जमिनीवर बसतं. तीन वर्षांचं मूल जमिनीवर खेळतं आणि हात तोंडात घालतं. शिसं लहान मुलाच्या मेंदूला लागतं आणि ते भरून येत नाही. म्हणून जुन्या थरावर मल्टि-टूलचा पॅड लावायचा नाही. कोरडा पॉलिश पेपरही नाही. तुम्ही आजवर सपाट भागावर घासलं असेल तर आधी ती खोली ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या, झाडू मारू नका, झाडूने ते उडतं. आणि मुलाच्या डॉक्टरांना एकदा हे सांगून ठेवा, रक्तातलं शिसं तपासता येतं.

मग करायचं काय? थर पक्का चिकटलेला असेल, पोपडे नसतील, तर तो काढूच नका. ओला करून, वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने) हाताने हलकं खरखरीत करा, चिखल फडक्यात पुसून पिशवीत भरा, सुकलं की प्रायमर आणि वरून नवा रंग. थर आत बंद राहतो. कोपऱ्यासाठी वॉटर पेपर आईस्क्रीमच्या काडीला गुंडाळा, आमच्या मुली तेच करतात. पोपडे निघत असतील तिथे पाणी फवारून स्क्रेपरने अलगद उचला, खाली प्लॅस्टिक अंथरून. हीट गनने जाळायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, धुरातून शिसं थेट छातीत जातं. हे सगळं चालू असताना मुलाला त्या घरात ठेवू नका, आजीकडे पाठवा दोन दिवस.

मल्टि-टूलचा सँडिंग पॅड नंतर कामाला येतो, नवीन लांबी आणि प्रायमर घासायला. तिथे तो फार गुणी आहे. वेग मधला ठेवा, जास्त वेगाला पॅडचं टोक तापतं आणि वेल्क्रो वितळतो, मग कागद धरत नाही, माझा एक पॅड असाच गेला. कागद तिकोनी असतो, एक टोक झिजलं की काढून फिरवून लावा, तीन टोकं म्हणजे तीन कागदांचं काम. लांबीवर १२० नंबरचा कागद, प्रायमरवर १८० किंवा २२०. मास्क एन-९५, नुसता रुमाल नाही. सपाट मोठ्या भागाला मात्र हे मशीन नको, त्याच्या खुणा राहतात आणि नवा चकचकीत रंग मारल्यावर उन्हात त्या दिसतात.

नेकारकाठ

वॉटरपेपर ताईंचं वाचून बरं झालं. त्याच्यात एक भर, छपराच्या किंवा पार्टिशनच्या जुन्या सिमेंट शीटला हे ब्लेड चुकूनही लावू नका कोणी, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. आणि कानाला मफ घाला, आवाज फार मोठा वाटत नाही पण तासभर कानाजवळ असतो.

रसोईघर_नाशिक

माझा छोटा प्रश्न इथेच विचारते. बाथरूमच्या टाइल्समधलं काळं पडलेलं ग्राउट (सांध्यात भरलेला माल) याने निघेल का?

सूत_आणि_गुण्या

निघतं, अर्धगोल कार्बाइड किंवा डायमंड ब्लेडने. पण सांधा किमान दोन-तीन एमएमचा हवा. टाइल्स खेटून बसवल्या असतील तर ब्लेड सांध्यात मावतच नाही, टाइलची कड उडेल, तिथे हातच लावू नका. आणि टाइलच्या जाडीपेक्षा खोल जायचं नाही, खाली वॉटरप्रूफिंग आहे. दोन बोटं टाइलवर टेकवून हात स्थिर ठेवा, सुरुवात सांध्याच्या मधून करा, कोपऱ्यातून नको.

पारिजात_ठाणे

मंडळी, चार महिन्यांनी परत आले, उशीर झाला पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी महत्त्वाचं. वॉटरपेपर ताईंचा प्रतिसाद वाचला त्याच रात्री खिडकीखालची जमीन पुसली, दुसऱ्या दिवशी मुलाच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, रिपोर्ट ठीक आला. ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही, मी पुढच्याच शनिवारी कोरडं घासायला बसणार होते. खिडक्या ओल्या कागदाने केल्या, आईस्क्रीमच्या काड्यांनी, मुलगा तेव्हा आईकडे कल्याणला होता.

दार. बूड खरखरीतच निघालं, आंबेडोंगर दादांनी सांगितलं तसंच. सुकवून प्रायमर मारला, पावसाळा कसाबसा काढला, आणि डिसेंबरात बघितलं तर घासतच नाही. त्यामुळे कापलंच नाही. बुडाला आता ऑइलपेंटचे दोन हात आहेत.

चौकट मात्र केली, मशीन घेऊन. पहिला काप उजव्या बाजूचा, त्यात मी दाबलंच आणि धूर निघाला, थांबले, परत वाचलं, मग डावीउजवीकडे सरकवत गेले तेव्हा भुसा बाहेर पडताना दिसायला लागला. वर पांढरट, आत गेल्यावर तपकिरी आणि मग एकदम सागाचा तो तेलकट वास आला, तेव्हा कळलं की चांगलं लाकूड लागलं. सासरे बाजूला खुर्ची टाकून बसले होते, वास आल्यावर तेच म्हणाले की बस, इथून वर जाऊ नकोस. बुडखा काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला, एका बाजूचा दीड तास. ग्रॅनाइटचे तुकडे किचनचा ओटा करणाऱ्याकडून मापात कापून आणले. डावा सांधा केसभर उघडा राहिला, इपॉक्सी आणि भुसा भरला, पॉलिश केल्यावर शोधावा लागतो.

एक विचारायचं राहिलं, सूतदादा. ग्रॅनाइट आणि लाकूड यांच्या मधल्या सांध्यात मी सिलिकॉन भरलंय, दोन एमएमची फट ठेवून. ते दरवर्षी बदलावं लागेल का, की काळं पडेपर्यंत चालेल?

सूत_आणि_गुण्या

काळं पडलं म्हणून बदलायची गरज नाही ताई, तो बुरशीचा डाग. कडेला नख लावून बघा, लाकडापासून सुटायला लागलं असेल तरच काढून नवीन भरा. पावसाळ्याआधी एकदा बघत जा. आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, वासावरून साग ओळखणारी माणसं आता कमी राहिलीत.